पाळणाघरातला हातदिवा

गार्डबाबा लहान मुलांना कधीच बाळ म्हणायचे नाहीत. नुसतं पडून असतं ते पार्सल, रांगतं ते पॅसेंजर, आणि पळायला लागलं की मेल. मी पहिल्या दिवशी कामाला गेले तर दारातच म्हणाले, "आत ये, पण पार्सलवर पाय देऊ नकोस." खाली बघते तर उंबऱ्याच्या आत गोधडीवर एवढंसं पोर, अंगठा चोखत माझ्याकडे बघतंय.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. तसंही आमच्याकडे ते कुणी घेत नव्हतं. अख्खी नोकरी बोरघाटात गाडी वर-खाली करण्यात गेली, आधी मालगाडी, मग पॅसेंजर, आणि नेहमी शेवटच्या डब्यात. त्यामुळे लोणावळ्यात सगळे गार्डसाहेब म्हणायचे आणि खाणीवरच्या बायका गार्डबाबा. पेन्शनीत निघाल्यावर माणूस मशिदीच्या ओट्यावर बसतो, नातवंडं खेळवतो. यांना ना बायको राहिली होती ना नातवंडं. यांनी खाणीवरचं पाळणाघर मागून घेतलं.

खाण म्हणजे वलवणच्या बाजूची खडीची खाण. लढाईचे दिवस होते, रेल्वेला खडी लागायची तेवढी थोडी. पुरुष सुरुंग लावायचे, दगड फोडायचे, आणि बायका पाट्या भरून रुळावरच्या वाघिणीपर्यंत, म्हणजे मालडब्यापर्यंत, न्यायच्या. त्यांची पोरं बांधावर, झाडाखाली, पोत्यांवर. मग वरून हुकूम आला की पोरांसाठी छप्पर पाहिजे आणि बघायला माणूस पाहिजे. कंत्राटदारानं पत्र्याची शेड उभी केली, आणि स्वस्तातला माणूस शोधत होता तेवढ्यात गार्डबाबा जाऊन उभे राहिले. कंत्राटदार हसला म्हणे. "हे बायकांचं काम आहे गार्डसाहेब." गार्डबाबा म्हणाले, "माझ्या गाडीत काय सगळे पैलवान बसायचे?"

बाई हाताखाली लागेल म्हणून मला घेतलं. मी नुकतीच मराठी सातवी पास झाले होते आणि घरात आई रोज कुठल्या ना कुठल्या मुलाचं स्थळ काढत होती, त्यामुळे मला कुठलंही काम चाललं असतं. वडील रेल्वेच्या शेडमधे फिटर, गार्डबाबांच्या ओळखीचे. ते आईला म्हणाले, "जाऊ दे तिला, चार पोरं सांभाळली की लग्नाचं खूळ आपोआप जाईल." आईनं दोन दिवस त्यांच्या भाजीत मीठ घातलं नाही.

तर पाळणाघर. शेडचे त्यांनी तीन भाग केले होते, मधे रुळाखालचे जुने लाकडी स्लीपर आडवे टाकून. एकात पार्सल, एकात पॅसेंजर, एकात मेल. एखादं पोर रांगता रांगता उभं राहिलं की त्याला स्लीपरवरून उचलून पलीकडे ठेवायचं, आणि ठेवताना म्हणायचे, "बढती." आणि त्या पोराच्या आईला संध्याकाळी असं गंभीरपणे सांगायचे की ती बिचारी घाबरायची, पोरानं काय केलं म्हणून.

भिंतीवर खडूनं टाइमटेबल. दूध, पेज, अंघोळ, झोप, सगळं. सुरुवातीला त्यांनी झोपेची वेळ झाली की शिट्टी मारायचं ठरवलं होतं. म्हणजे विचार करा. अर्धी पोरं आधीच झोपलेली, आणि हे दारात उभे राहून शिट्टी मारतायत, झोपा म्हणून. जी झोपली होती तीही उठली. तासभर कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. मी म्हणाले, "गार्डबाबा, शिट्टी नको." त्यांनी भिंतीपाशी जाऊन टाइमटेबलातला 'झोप' शब्द हाताने पुसला आणि तिथं लिहिलं, 'सोयीप्रमाणे'. चूक कळली की ते असं करायचे. काही बोलायचे नाहीत, नियम बदलायचे.

पण बाकीचे नियम लोखंडाचे. प्रत्येक मुलाच्या करगोट्याला पितळी बिल्ला, तसलाच दुसरा आईकडे. संध्याकाळी बिल्ला दाखवल्याशिवाय मूल मिळायचं नाही, मग समोर सख्खी आई का असेना. आमच्यात हिराबाई म्हणून एक होती, वलवणचीच, तोंडानं फटकळ, अख्ख्या खाणीत तिचा आवाज सुरुंगाच्या खालोखाल. तिचा बिल्ला एकदा कुठंतरी खडीत पडला.

"अवो माजंच प्वार हाय ते गार्डबाबा, नाक बगा की. माज्यावानीच चपटं."

"नाकावर पार्सल सुटत नाही."

"मंग काय हितंच ऱ्हाऊ काय रातभर?"

"मीही राहतो. बिल्ला शोध."

तिनं शोधला. सगळ्या बायकांनी मिळून शोधला, कंदील घेऊन, शिव्या देत. शिव्या गार्डबाबांना ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं. ते आत बसून तिच्या पोराला, सुभानाला, मांडीवर घेऊन पेज भरवत होते. पेज भरवायची त्यांची पद्धत होती, आधी स्वतः चाखायची, मग द्यायची. रोज्यांच्या महिन्यात चाखायचं काम माझ्याकडे यायचं, आणि मी चाखताना ते माझ्या तोंडाकडे असं बघायचे जणू मी परीक्षेला बसलेय.

मुकादमाशी त्यांचं रोजचं भांडण. अंगावर पिणाऱ्या मुलांच्या आयांना मधे दोनदा सोडा, हे त्यांचं म्हणणं. मुकादम म्हणाला, पाट्या कोण उचलणार. गार्डबाबा म्हणाले, "इंजिन पाण्याला थांबतं का नाही? मग ते थांबलं म्हणून ड्रायव्हरचा पगार कापतात का?" मुकादमाला रेल्वेतलं काही कळत नव्हतं, त्यामुळे त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून दारात हिरवा बावटा लागला की पाजणाऱ्या बायका पाट्या ठेवून यायच्या. मुकादम आपला दुसरीकडे तोंड करून बिडी ओढायचा.

आणि हातदिवा. खरं तर मला सगळ्यात आधी तेच सांगायचं होतं.

रोज सकाळी मूल आत घ्यायच्या आधी तपासणी. दारातच. गार्डबाबा आपला जुना हातदिवा पेटवून बसायचे, काच फिरवून लाल करायची, आणि मुलाच्या डोळ्यांसमोरून तो हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायचा. पोरानं डोळे फिरवून दिव्यामागं बघितलं की म्हणायचे, "लाईन क्लिअर," आणि मूल माझ्या हातात. अगदीच तान्हं असलं तर तळपायाला बोट लावून बघायचे, तोंडाचा वास घ्यायचे. घाट उतरायच्या आधी ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडायची नाही, तसंच हे, असं त्यांचं म्हणणं.

हे कशासाठी, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. बाळगोळी. नाव किती गोड. मोहरीएवढी अफूची गोळी, आईच्या दुधात नाहीतर गुळात कालवून चाटवायची, की पोर संध्याकाळपर्यंत झोपतं. आता आम्ही शिकलेले लोक नाकं मुरडतो, पण त्या बायकांच्या जागी उभं राहून बघा. इकडे सुरुंग उडतायत, तिकडे वाघिणी ढकलतायत, रांगतं पोर कुठं जाईल सांगता येत नाही. झोपलेलं पोर असेल तिथं असतं. त्यांच्या आयांनी त्यांना तेच दिलं होतं. आणि ज्यांची उठली नाहीत, त्या म्हणायच्या, नशीब.

एका सकाळी हिराबाईच्या सुभानानं दिव्याकडे बघितलं नाही. गार्डबाबांनी वास घेतला. मला वाटलं आता तिला हाकलतील. त्यांनी मूल घेतलं आणि हिराबाईलाही आत घेतलं. म्हणाले, "बस इथं. हे रडेपर्यंत तू उठायचं नाहीस."

"मोहरीएवढीबी न्हवती ओ. राईचा निम्मा दाना."

"बस."

ती बसली. दुपारपर्यंत दोघं आळीपाळीनं त्या पोराला घेऊन फिरत होते, तळपाय चोळत होते, तोंडावर पाणी मारत होते. ते रडलं तेव्हा हिराबाई पण रडली, आणि गार्डबाबा मुकादमाकडे गेले, तिचा खाडा लावू नको म्हणून भांडायला. त्यानंतर तिनं कधी दिली नाही. उलट नवीन आलेल्या बायकांना तीच दम द्यायची, "ए भवाने, गार्डबाबा वास घेत्यात हां."

मी एकदा विचारलं, मुलाला परत का नाही पाठवत, म्हणजे बायकांना धाक बसेल. म्हणाले, "परत पाठवलं तर ती झाडाखाली ठेवेल. झाडाखाली माझा अंमल नाही." मग थोड्या वेळानं, दुधाची भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता सांगितलं. पॅसेंजरवर असताना तळेगावला एक बाई चढली होती, मांडीवर मूल. डब्यात गर्दी, उकाडा, सगळी पोरं किंचाळतायत, हे एकच गप्प. गार्डबाबा गाडी थांबली की त्या डब्यावरून जायचे, आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, बाई, तुमचं मूल फार शहाणं आहे. खंडाळ्याला ती उतरली आणि मूल दुसऱ्या खांद्यावर घ्यायला लागली, तेव्हा तिला कळलं. आणि यांनाही. "मी तीनदा शाबासकी दिली होती," म्हणाले, आणि भांडी पालथी घालून बाहेर गेले. पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाही.

म्हणून आमच्या पाळणाघरात आवाज असायचा. चांगला दणदणीत. बाहेरचं कुणी काय गोंधळ आहे म्हणालं की गार्डबाबा म्हणायचे, "गाडी चालू आहे."

मग आला नवीन साहेब. कंत्राटदारानं पुण्याहून मॅनेजर नेमला होता, मोटारीतून यायचा, स्वच्छ टोपी, वाईट माणूस नव्हता. पण त्याची कचेरी नेमकी आमच्या शेडसमोर, खिडकीला खिडकी लागून. चार दिवस त्यानं सोसलं, पाचव्या दिवशी आला. पलीकडच्या खाणीवर म्हणे एक म्हातारी झाडाखाली ढीगभर पोरं सांभाळते, एकटीनं, आणि आवाज म्हणून नाही. मग इथं दोन माणसं कशाला, दूध कशाला, आणि एवढं करून ही बोंब का? "गुरुवारी मी बघायला येणार. व्यवस्था नीट दिसली तर चालू ठेवू. नाहीतर बंद करून त्या म्हातारीला बोलावू."

गार्डबाबा म्हणाले, "या. गाडी वेळेवर असेल."

साहेब गेल्यावर मला म्हणाले, "खिडक्या पूस." बस्स. मला आईच्या डोळ्यासमोरची स्थळं दिसायला लागली. पण माझं सोडा, त्या बायकांचं काय? ती पलीकडची म्हातारी पोरं गप्प कशी ठेवते हे साहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं.

बातमी दुपारच्या भाकरीच्या वेळेला खाणभर झाली. बायका वाघिणीच्या सावलीत बसून कुजबुजत होत्या, मी गेले की गप्प. मला वाटलं, कामाची काळजी करतायत. काळजीच करत होत्या.

गुरुवारी सकाळी गार्डबाबा रेल्वेचा जुना काळा कोट घालून आले. बटणं चकाकत होती. दारात बसले, दिवा पेटवला. पहिली बाई आली, मूल पुढं केलं. दिवा डावीकडून उजवीकडे गेला. मुलानं बघितलं नाही. गार्डबाबांनी दुसरं घेतलं. त्यानंही बघितलं नाही. तिसऱ्यानंही नाही.

त्यांनी दिवा खाली ठेवला. काच काढली, कोटाच्या बाहीनं पुसली, वात वर केली, डोळ्यासमोर धरून बघितली. त्यांना वाटलं, दिवा बिघडला. मी शेजारी उभी होते, आणि खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. पुन्हा दिवा धरला. रांगेत सगळ्या बायका मुलं घेऊन उभ्या, मान खाली, आणि रांगेत एकाही पोराचा आवाज नाही. इतकी शांत सकाळ त्या दारात मी कधी पाहिली नव्हती. मग त्यांनी हिराबाईच्या हातातून सुभानाला घेतलं आणि तोंडाचा वास घेतला.

"कुणाकुणाला दिली?"

हिराबाई म्हणाली, "समद्यास्नी. एकच दीस, गार्डबाबा. सायब यील, बगंल, जाईल. तुमची इज्जत ऱ्हाईल, पाळणाघर ऱ्हाईल. उद्यापास्नं न्हाई. माज्या गळ्याची आन."

ते तिच्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मला अजून सांगता येत नाही कसे. कारण बघा, सगळं जमलेलं होतं. साहेबाला जे पाहिजे ते रांगभर झोपून होतं. गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं.

त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि लांब वाजवली. खाणीत लांब शिट्टी म्हणजे धोका, असाल तिथं थांबा. घण थांबले, वाघिणी थांबल्या. मग ते लाल बावटा घेऊन शेडच्या बाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "एक पाटी हलणार नाही. आपापलं मूल घ्या आणि चाला. झोपू द्यायचं नाही. रडलं की मला दाखवायचं."

तेवढ्यात साहेबाची मोटार आली.

साहेब उतरला तर समोर हे: खाण बंद, पुरुष हातातलं काम टाकून उभे, सगळ्या बायका पोरांना खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतायत, कुणी पाणी मारतंय, कुणी तळपायाला चिमटे काढतंय, आणि मधे काळ्या कोटातला म्हातारा लाल बावटा धरून. तो काही विचारायच्या आत गार्डबाबा सरळ मोटारीपाशी गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बाजारात जा, डॉक्टरला घेऊन ये. नसतील तर असतील तिथून आण." रेल्वेतला आवाज होता तो. ड्रायव्हरनं साहेबाकडे बघितलंसुद्धा नाही, मोटार वळवली.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाला. "मुलं तर झोपलेली दिसतायत."

"हो," गार्डबाबा म्हणाले. "म्हणून लाईन बंद आहे." आणि काय झालं ते सगळं सांगितलं. बायकांनी कशासाठी केलं तेही सांगितलं, काही झाकलं नाही. साहेबाचं तोंड उतरलं. पलीकडची म्हातारीही त्याच्या डोक्यात आली असणार, कारण त्यानं विचारलं, "म्हणजे तिथं..." गार्डबाबा म्हणाले, "तिथं रोज गुरुवार असतो."

हळूहळू एकेक पोर रडायला लागलं. कुणी कुरकुरलं, कुणी भोकाड पसरलं. प्रत्येक रडण्याला गार्डबाबा जाऊन डोळे बघायचे, दिवा फिरवायचे. उन्हं वर आली तरी एक राहिलं. सुभाना. हिराबाईनं स्वतःच्याच पोराला जरा जास्त दिली होती, तो जात्याच रडका म्हणून. आता ती चालत होती पण तोंडातून शब्द नाही. हिराबाई आणि शब्द नाही. मी तिच्याबरोबर चालत होते, आम्ही आळीपाळीनं घेत होतो, आणि ते पोर मेणासारखं मऊ, मान कुठल्याही बाजूला जायची.

साहेब घड्याळ बघून मुकादमाला म्हणाला, "बाकीच्यांचं झालं ना, काम सुरू करायचं का?"

मुकादम, तोच तो बिडीवाला, म्हणाला, "सायेब, बावटा लाल हाय."

मग साहेबानं बायकांना विचारलं. एक म्हातारी, तिचं तर पोरही नव्हतं पाळणाघरात, ती म्हणाली, "हिरीचं प्वार रडलं की उचलू पाट्या. तवर न्हाई."

मोटार गेलेली, साहेब जाणार कुठं? तो आमच्या शेडच्या पायरीवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि आता हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते, थोड्या वेळानं तो उठला, हिराबाईपाशी आला, आणि तिच्या खांद्यावरच्या त्या झोपलेल्या पोरापुढं चुटक्या वाजवायला लागला. "ए बाळ. ए, ऊठ की रे. रड बघू." चार दिवस ज्याला रडणं नको होतं, तो माणूस. कुणी हसलं नाही. त्या वेळेला हसण्यासारखं वाटलंच नाही.

गार्डबाबांनी सुभानाला घेतलं. गार पाण्याचा फडका तोंडावरून फिरवला, कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाले, पुन्हा फडका, पुन्हा चालणं. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा इकडे. कोट घामानं भिजला होता. एकदा वळताना सुभानाच्या तोंडातून मांजरासारखा आवाज आला. मग ओठ वाकडे झाले. मग जे तोंड उघडलं त्यानं, चपटं नाक पार गायब झालं.

गार्डबाबांनी दिवा मागितला. मी धरला, कारण त्यांच्या दोन्ही हातांत सुभाना होता. डावीकडून उजवीकडे. सुभाना रडता रडता दिव्यामागं बघत गेला.

"लाईन क्लिअर," ते म्हणाले, आणि लाल बावटा गुंडाळला. बायका उठल्या, पाट्या घेऊन गेल्या.

डॉक्टर नंतर आले, खंडाळ्याला गेले होते ते सापडले. सगळी मुलं तपासली, बायकांना झापलं, आणि आजचा दिवस कुणाला झोपू देऊ नका म्हणून बजावून गेले. साहेब त्याच मोटारीतून गेला, व्यवस्थेबद्दल एक शब्द न बोलता. आम्हाला कळेना पुढं काय. काही दिवसांनी सुतार आला, हत्यारं घेऊन, तेव्हा मला वाटलं शेड पाडायला आला. तो आमच्याकडे आलाच नाही. त्यानं कचेरीची आमच्या बाजूची खिडकी फळ्या ठोकून बंद केली आणि पलीकडच्या भिंतीला नवी पाडली. पलीकडच्या खाणीवरची म्हातारी काही आली नाही.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली तेव्हा हिराबाई सगळ्यात शेवटी उभी होती. रोज पहिली असायची. बायका एकेक करून मुलं देऊन गेल्या, आणि ती पुढं येईना. गार्डबाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "शेवटचा डबा, पुढं घे." ती आली, मान खाली, सुभानाला पुढं केलं.

त्यांनी सुभानाकडे बघितलं नाही. दिवा उचलून हिराबाईच्या तोंडासमोर धरला.

"आधी तू," म्हणाले.

तिला कळेना, ती माझ्याकडे बघायला लागली. "तिकडं नाही. दिव्याकडे." मग तिनं बघितलं. दिवा डावीकडून उजवीकडे गेला, हळू, मुलांसाठी न्यायचे तसाच. तिचे डोळे भरलेले होते पण ती बघत गेली, पार टोकापर्यंत.

"लाईन क्लिअर," म्हणाले. "आता पार्सल दे."

"पार्सल न्हाई आता," हिराबाई नाक पुसत म्हणाली. "काल सांजच्यापास्नं रांगतंया."

गार्डबाबांनी सुभानाला घेतलं, आत नेलं, आणि स्लीपरच्या पलीकडे ठेवलं.